वाया गेलेली काळजी

आमच्या आईच्या स्वयंपाकघरात वजनकाटा नव्हता. दिवाळीच्या फराळाची सारी मापे तिच्या हातात होती. चकलीच्या भाजणीत मोहन किती घालायचे, असे कुणी विचारले, की ती म्हणायची, "अंदाजानं." मग पीठ मुठीत दाबून पाहायची. मुटका वळला, की मोहन बरोबर. तरीही स्वतःच्या अंदाजावर तिचा आंधळा विश्वास नव्हता. पहिल्या घाण्याची एक चकली मोडून ती आमच्या हातावर ठेवायची आणि आमच्या तोंडाकडे पाहत राहायची. चकली कडक झाली असली, तर उरलेल्या पिठात दुरुस्ती व्हायची. तेलात विरघळली असली, तरी पुढच्या घाण्यासाठी काहीतरी उपाय निघायचा. चुकलेला घाणा आम्हां मुलांच्या वाट्याला यायचा, आणि त्याबद्दल आमची कधीच तक्रार नसे.

आयुष्यातली पुष्कळशी कामे अशीच असतात. ती अंदाजाने करावीत, एक चकली मोडून पाहावी आणि पुढे जावे. परंतु जिथे 'अंदाज' हा शब्द उच्चारायचीदेखील सोय नाही, आणि केलेली वस्तू मोडल्यावाचून ती बरोबर आहे की नाही हे समजत नाही, असे एक काम मी २०२२ साली अमेरिकेत पाहिले. त्या कामाने मला एक प्रश्न घातला, आणि तो अजून माझ्या मनातून गेलेला नाही. सणासुदीच्या दिवसांत वाचकांना बंदुकीची गोष्ट सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. पण प्रश्न बंदुकीचा नाही. तो तुमच्या-माझ्या घरातलाच आहे.

माझा भाचा पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका लहान गावी राहतो. त्याच्याकडे मी त्या वर्षी दिवाळीपासून तीन महिने होतो. शेजारी एक पंचाहत्तरीचे गृहस्थ राहत. जन्मभर कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झालेले, अबोल, आणि हातांनी सारखे काहीतरी करीत बसणारे. त्या मुलखात थँक्सगिव्हिंगचा सण झाला, की हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. पूर्वी तो सोमवारी सुरू होई. २०१९ पासून सणानंतरच्या शनिवारी होतो. शिकार बरी की वाईट, हा मोठा प्रश्न आहे, आणि मी स्वतः कधी मुंगीवरही नेम धरलेला नाही. पण म्हातारबुवांच्या तळघरात मी जे पाहिले, ते हंगामाच्या पूर्वतयारीचे होते. ते आपल्या रायफलीची काडतुसे स्वतः घरी भरीत असत.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे असले दृश्य आपल्या पाहण्यात येत नाही. तिकडे मात्र हा अनेकांचा फावल्या वेळचा उद्योग आहे. काडतूस उडाले, की गोळी जाते, दारू जळते, पण पितळेची पुंगळी शाबूत राहते. ती साफ करायची, यंत्राच्या साच्यात दाबून पुन्हा मूळ आकारावर आणायची, लांबी वाढली असली तर तासायची, बुडाशी नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून घालायची, आणि वर गोळी दाबून बसवायची. प्रायमर म्हणजे आपल्या दिवाळीतल्या टिकलीचा थोरला भाऊ. चापाचा घाव बसला, की तो भडकतो आणि दारूला पेटवतो.

या उद्योगामागे इतिहासातली एक गंमत आहे. १८६६ च्या सुमारास दोन माणसांनी प्रायमर बसवण्याच्या दोन वेगळ्या रीती काढल्या. एक होता बर्डन नावाचा अमेरिकन; दुसरा बॉक्सर नावाचा इंग्रज अधिकारी. पुढे अमेरिकनाची रीत युरोपात पसरली, आणि इंग्रजाची अमेरिकेत रुजली. बॉक्सरच्या पुंगळीला बुडाशी मधोमध एकच भोक असते, त्यामुळे जळका प्रायमर एका सुईने ढकलून बाहेर काढता येतो. त्या एका भोकामुळे अमेरिकेतल्या शेतकऱ्याला आणि शिकाऱ्याला आपली पुंगळी घरच्या घरी पुन्हा भरणे सोपे झाले.

जुन्या काळी हे काम आमच्या आईच्या पद्धतीने चाले. काळी दारू मापाने ओतायची आणि पुंगळी भरून टाकायची. पण १८८४ साली व्हिएय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू तयार केली, आणि अंदाजाचे राज्य संपले. नव्या दारूचा जोर इतका, की जुन्या मापाने ती भरली तर बंदूकच फुटावी. तेव्हापासून दारू तोलून घालावी लागते, आणि तीही ग्रेन या वजनाने. एका पौंडात सात हजार ग्रेन. आपल्या सोनाराच्या गुंजेच्या जवळजवळ निम्मा एक ग्रेन, आणि म्हातारबुवांचा काटा त्या ग्रेनचाही दहावा भाग दाखवी. सोनाराचा काटा चुकला तर गिऱ्हाइकाचे चार पैसे जातात. इथे काय जाते, हे एका आकड्यावरून ध्यानात येईल. मोटारीच्या चाकातल्या हवेचा दाब दर चौरस इंचाला तीस-पस्तीस पौंड असतो. म्हातारबुवांच्या रायफलीचे काडतूस अमेरिकन सैन्याने १९०६ साली स्वीकारलेले, म्हणून त्याचे नाव 'थर्टी-ऑट-सिक्स'. त्याच्या दाबाची ठरलेली कमाल मर्यादा साठ हजार पौंड आहे. आणि नेम धरणाऱ्याचा गाल त्या पुंगळीपासून वीतभर अंतरावर असतो.

माझ्या भाच्याला हे काम शिकायची हौस होती. म्हातारबुवांनी त्याला पहिले तीन आठवडे कशालाही हात लावू दिला नाही. त्याच्या हातात एक जाड पुस्तक दिले आणि म्हणाले, "आधी हे वाचा." त्यात प्रत्येक गोळीसाठी आणि प्रत्येक दारूसाठी दोन आकडे दिलेले असतात, एक आरंभाचा आणि एक शेवटचा. नवशिक्याने आरंभाच्याच आकड्यावर आरंभ करायचा आणि थोडेथोडे वर जायचे. प्रायमर चपटा होऊ लागला किंवा रायफलीचा बोल्ट उघडताना अडकू लागला, की तिथेच थांबायचे. आकडा कधीही आठवणीतून घ्यायचा नाही, दर वेळी पुस्तक उघडून पाहायचा. टेबलावर एका वेळी एकच दारू असावी. काम संपले, की उरलेली दारू तिच्याच डब्यात परत. ज्या दारूचे नाव खात्रीने सांगता येत नाही, ती बंदुकीत जाता कामा नये. एकाच ४८३१ या आकड्याने दोन वेगळ्या दारू विकल्या गेल्या आहेत, आणि त्यांचा जळण्याचा वेग एक नाही. म्हणून डब्यावरचे सगळे नाव वाचायचे, नुसता आकडा नव्हे. डोळ्यांना चष्मा हवा. विडी-काडी नको. गप्पा नकोत. शेवटी हात धुवायचे, कारण शिसे बोटांना लागते.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला नवी होती. दारू जास्त पडली तर धोका, हे कुणालाही कळते. पण दारू पडलीच नाही, तरीही धोका असतो. नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत थोडी सरकते आणि अडकून बसते. बार फुसका वाटतो, माणूस हसतो, दुसरे काडतूस भरतो, आणि ते अडकलेल्या गोळीमागे उडते. "आवाज वेगळा आला, की थांबायचं. नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहायचं. मग पुढचं," ते म्हणाले.

भाचा जरा बिचकला. "मला याची भीती वाटते," तो म्हणाला. मला वाटले, म्हातारबुवा म्हणतील, भीती चांगली, ती तुम्हांला जपेल. पण ते म्हणाले, "भीतीवर विसंबू नका. तिसऱ्या आठवड्यात ती निघून जाते. नियम लावून घ्या, ते राहतात."

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आपण मुलांना भीती घालून सावध करतो, आणि समजतो की काम झाले. पण भीती ही पहिल्या आठवड्याची राखणदार. सवय झाली, की ती झोपी जाते, आणि नेमक्या त्याच वेळी हाताला वेग आलेला असतो. नवशिका घाबरतो म्हणून हळू चालतो. जुना माणूस घाबरत नाही म्हणून चुकतो. दोघांनाही तारणारी गोष्ट वेगळीच आहे. 'आपण चुकतो' हे आधीच मान्य करून, त्या चुकणाऱ्या माणसाला धरून कामाची मांडणी करणे, ही ती गोष्ट. टेबलावर एकच डबा ठेवणारा माणूस जणू स्वतःला सांगत असतो, की दोन डबे ठेवले तर मी कधीतरी चुकीचा उचलीन. यात मला मोठी नम्रता दिसली.

त्या हंगामात म्हातारबुवांच्या नातवाला बारावे वर्ष पुरे झाले होते. त्या राज्यात सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा केल्यावर बाराव्या वर्षी मुलाला शिकारीचा परवाना मिळू शकतो. आजोबांची रायफल नातवाच्या हाती प्रथमच जायची होती. मोठ्या माणसाचे काडतूस मुलाच्या खांद्याला जोराचा धक्का देते, म्हणून सरावासाठी आजोबांनी सौम्य काडतुसे भरायचे ठरवले. पुस्तकात त्यांचे आकडे दिलेले होते. मी बाळबोधपणे म्हणालो, "म्हणजे हे काम जास्त सुरक्षित झालं." त्यांनी मान हलवली आणि एक पुंगळी माझ्यापुढे धरली.

नेहमीच्या भाराने पुंगळी जवळजवळ भरते. चुकून दारू दोनदा ओतली, तर ती बाहेर सांडते आणि चूक आपण होऊन ओरडते. सौम्य भार वेगळ्या दारूचा असतो, आणि तो पुंगळीच्या तळाशी थोडासा बसतो. त्यात दुसऱ्यांदा ओतली तरी ती सांडत नाही. वर गोळी बसली, की दुप्पट भरलेले काडतूस इतरांसारखेच दिसते. बरे, भीतीने पुस्तकातल्यापेक्षाही कमी भरावी, तर तेही चालत नाही. काही सावकाश जळणाऱ्या दारू फार कमी भरल्या तरी भयंकर वागू शकतात. थोडक्यात, मुलाच्या मायेने केलेल्या सौम्य काडतुसातच चुकीला लपायला जागा असते. हे ऐकून मी गप्प झालो. आपल्या घरांतूनही असे घडत नाही काय?

म्हणून त्यांचा एक नियम होता. लाकडी ठोकळ्याला पन्नास भोके, दहा-दहांच्या पाच रांगा. सगळ्या पुंगळ्यांत दारू घालून झाली, की एकीवरही गोळी बसवण्यापूर्वी हातात विजेरी घेऊन प्रत्येक पुंगळीत डोकावायचे. सगळीकडे दारूची पातळी सारखी दिसली पाहिजे. त्या दिवशी मी शेजारी स्टुलावर बसून पाहत होतो. तीन रांगा पाहून झाल्या, आणि वर दारावरची घंटा वाजली. नातूच आला होता, शाळेतली काहीतरी बातमी सांगायला. आजोबा वर गेले, दहा मिनिटांनी हसत खाली आले, आणि गोळ्या बसवू लागले. तासाभरात पन्नास काडतुसे पेटीत गेली. पेटीवर तारीख, दारूचे नाव, वजन, सारे लिहून झाले. मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळघरातून टक्-टक् असा आवाज येत होता. जाऊन पाहतो, तर म्हातारबुवा हातोडीसारख्या एका प्लास्टिकच्या अवजारात एकेक काडतूस अडकवून लाकडावर आपटत होते. आपटले, की गोळी सुटून येई आणि दारू अवजाराच्या पोटात पडे. मी विचारले, "काय झालं?"

"शेवटच्या दोन रांगा मी पाहिल्या नाहीत," ते म्हणाले. "रात्री झोपताना आठवलं."

"पण तेवढ्या वीसच ना?"

"त्या वीस कुठल्या, ते आता कोण सांगणार?"

मी म्हणालो, वजन करून पाहिले तर? त्यांचे उत्तर असे होते, की पुंगळ्या आणि गोळ्या एकमेकींपासून थोड्याथोड्या ग्रेननी वेगळ्या असतात. दारू दुप्पट पडली असली, तर बहुधा कळेल. "पण 'बहुधा' हा शब्द माझ्या नातवाच्या गालाजवळ नको."

त्यांनी पन्नासही काडतुसे मोडली. प्रत्येकातली दारू काट्यावर ठेवली. मी आकडे पाहत होतो. पन्नासच्या पन्नास बरोबर होती.

संध्याकाळी भाच्याला मी ही हकीकत सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मामा, सगळी मेहनत वायाच गेली की!" हाच तो प्रश्न. काळजी घेतली आणि चूक निघाली नाही, तर ती काळजी वाया गेली काय?

व्यवहार म्हणेल, गेली. चार तास गेले, गोळ्यांना ओरखडे पडले, हाती काही लागले नाही. चूक सापडली असती, तर आम्ही सगळ्यांनी म्हातारबुवांची पाठ थोपटली असती. म्हणजे काळजीची किंमत आपण तिला सापडलेल्या चुकीवरून ठरवतो. मीही असेच म्हटले असते, जर मला माझा एक जुना गठ्ठा आठवला नसता.

मी एकतीस वर्षे शाळेत गणित शिकवले. एका वर्षी मार्च महिन्यात रात्री जागून मी एका वर्गाचे पेपर तपासत होतो. उत्तरे तपासून झाली होती, गुणांची बेरीज चालली होती. माझा रिवाज असा, की बेरीज एकदा वरून खाली करायची आणि एकदा खालून वर. मध्ये वीज गेली. कंदील लावून मी पुन्हा बसलो तेव्हा डोळे मिटत होते. उरलेल्या पेपरांची बेरीज मी एकदाच केली. सकाळी गठ्ठा द्यायचा होता. देताना माझ्या मनात आले, की शेवटचे दहा-बारा पेपर पुन्हा पाहायला हवेत. पण कुठले दहा-बारा, हे सांगता येत नव्हते. म्हणजे सगळा गठ्ठाच पुन्हा पाहावा लागणार होता. मी स्वतःशी म्हणालो, इतक्या वर्षांचा हात आहे, चूक नसेल. आणि गठ्ठा दिला.

त्या वर्गातली तीन मुले गणितात थोडक्या गुणांनी नापास झाली. त्यांतल्या एकाने पुढे शाळा सोडली. तो खरोखरच नापास होता, की माझ्या बेरजेने नापास झाला, हे मला ठाऊक नाही, आणि आता कधीही कळणार नाही. कुणी मला जाब विचारला नाही. विचारला असता, तर मी काय सांगणार होतो? कदाचित माझ्याही पन्नासच्या पन्नास बरोबर असतील. पण म्हातारबुवांना ते ठाऊक आहे. मला ठाऊक नाही. आम्हां दोघांतला सारा फरक एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

इथे कुणी म्हणेल, की असे शंकेखोर होऊन जगायचे म्हटले, तर माणसाला एक पाऊलही टाकता येणार नाही. कुलूप लावले की नाही, हे पाहायला चार वेळा परत येणारी माणसे आपण ओळखतो, आणि त्यांच्याबद्दल आपल्याला आदर वाटत नाही, कीव वाटते. आक्षेप खरा आहे. पण म्हातारबुवा तसे नव्हते. त्याआधी भरलेल्या पेट्या फळीवर तशाच होत्या. त्यांतले एकही काडतूस त्यांनी मोडले नाही. त्यांची शंका वाऱ्यावरची नव्हती. तिला जागा होती, वेळ होती: तिसरी रांग संपली होती, आणि घंटा वाजली होती. चाळा म्हणून येणारी शंका आणि कारण घेऊन येणारी शंका यांत फरक आहे, आणि तो आपल्या मनाला चांगला कळतो. आपण पाहिले, तेव्हा पाहिले हे ठाऊक असते. आणि पाहिले नाही, तेव्हा तेही ठाऊक असते. फक्त दुसऱ्या वेळी आपण मनाला म्हणतो, 'इतक्या वर्षांचा हात आहे.'

मला वाटते, चूक करणे हा अपराध नव्हे. घंटा वाजते, वीज जाते, नातू हसत येतो; माणूस आहे, चुकेल. अपराध सुरू होतो तो आठवल्यानंतर. आठवूनही पेटीचे झाकण उघडायचे नाही, या निश्चयात तो असतो. कारण त्या काडतुसाचा बार भरणाऱ्याच्या गालाशी होत नाही. तो दुसऱ्याच्या गालाशी होतो, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या रानात. आणि ज्याच्या गालाशी व्हायचा, त्याने तर आपल्यावर विश्वास टाकून नेम धरलेला असतो. औषधाची पुडी बांधणारा, पुलाचा खांब ओतणारा, मुलाच्या बेरजेवर सही करणारा, आपण सगळे दुसऱ्यांसाठी बंद काडतुसे भरत असतो. त्यांना ती मोडून पाहता येत नाहीत. मोडून पाहण्याचा हक्क फक्त भरणाऱ्याला असतो, आणि तोही पेटी देऊन टाकीपर्यंत.

मग त्या चार तासांत म्हातारबुवांच्या हाती काय लागले? चूक नाही लागली; खात्री लागली. 'असेल' होते, ते 'आहे' झाले. नातवाने सरावाला रायफल खांद्याला लावली, तेव्हा आजोबांना त्याच्याशेजारी शांतपणे उभे राहता आले. ही शांतता दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळाली असती, असे मला वाटत नाही.

त्यांनी ती पन्नास काडतुसे पुन्हा भरली. या वेळी खाली उतरण्यापूर्वी जिन्याच्या दाराला आतून कडी घातली. हंगामाच्या पहिल्या शनिवारी आजोबा आणि नातू पहाटेच रानात गेले आणि संध्याकाळी हरणावाचून परत आले. मुलगा थंडीने लाल झाला होता आणि दिसलेल्या, न दिसलेल्या हरणांच्या गोष्टी सांगत होता. आपल्यासाठी एक पेटी दोनदा भरली गेली, हे त्याला कुणी सांगितले नाही.

मी परत आलो. आता माझ्यापुढे गठ्ठे नाहीत. वरच्या मजल्यावरची एक लहान मुलगी कधी कधी गणिताची वही घेऊन येते. बेरजा तपासून झाल्या, की ती वही ओढू लागते. मी तिला म्हणतो, "थांब गं, खालून वर करायची राहिली आहे." ती विचारते, "आजोबा, एकदा बरोबर आली ना, मग परत कशाला?" मी बोट शेवटच्या आकड्यावर ठेवतो आणि पुन्हा मोजू लागतो.